दारावरचा नियम

इराण्याच्या हॉटेलात भिंतीवरच्या पाट्या वाचत चहा पिणं ही मुंबईकराची जुनी करमणूक. केस विंचरू नयेत. मोठ्याने बोलू नये. खाणं झाल्यावर जागा अडवून बसू नये. गल्ल्यावर शेठ, त्याच्या डोक्यावर ही आचारसंहिता, आणि खाली आपण ब्रून मस्का बुडवत नेमकं तेच करत बसलेले. आपल्या मूलभूत हक्कांवर गदा आली असं तिथे कुणाला कधी वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. फारच झोंबलं तर उठायचं आणि पुढच्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्या इराण्याकडे जायचं. त्याच्याही पाट्या असत, पण निदान वेगळ्या.

2020 ते 2022 या कोविडच्या काळात या शहराच्या दारांवर नव्या पाट्या लागल्या. मास्कशिवाय प्रवेश नाही. ताप मोजल्याशिवाय लिफ्टमध्ये शिरू नये. दोन्ही डोस झालेले असतील तरच आत यावे. या पाट्यांवर मात्र कुणी हसलं नाही. दारात हमरीतुमरी झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर सख्ख्या भावंडांनी एकमेकांना ब्लॉक केलं, प्रकरणं कोर्टात गेली. दोन वाक्यं सारखी कानावर यायची. एक म्हणजे 'दुकान त्याचं, नियम त्याचा, पटत नसेल तर जाऊ नका'. आणि दुसरं, 'माझ्या अंगात काय टोचायचं ते मी ठरवणार'. ऐकताक्षणी दोन्ही पटतात, आणि म्हणूनच मला दोन्हींची थोडी धास्ती वाटते.

पहिल्या वाक्याचं आधी बघू. 'दुकान त्याचं' हे आपल्या मुलखात तरी कुणी इतक्या सहज म्हणू नये. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले, ते तळं तर नगरपालिकेचंच होतं, आणि सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 सालीच झालेला होता. तरी दगडफेक झाली. कागदावर उघडं असलेलं दार प्रत्यक्षात कोण अडवतं याचा एवढा अनुभव गाठीशी असल्यामुळेच घटनेत कलम 15(2) आलं असणार. आपले बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, पण हे कलम थेट खासगी दुकानात शिरतं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही, असं ते सांगतं. म्हणजे मालकाच्या मालकीला उंबरठ्यावरच एक मर्यादा आहे, आणि ती घटनेच्या जन्मापासून आहे.

पण त्या यादीत ही पाचच कारणं आहेत. मास्क त्यात नाही, लस नाही, ताप नाही. चपला बाहेर काढा म्हणणारा सोनार आणि तोंड झाका म्हणणारा हॉटेलवाला, दोघंही त्या कलमाच्या कचाट्यात येत नाहीत. मग त्यांचा नियम कशाच्या फुटपट्टीने मोजायचा?

माझ्या मामेभावाचं परळला छोटं उपाहारगृह आहे. आजूबाजूला केईएम, टाटा, वाडिया ही मोठी हॉस्पिटलं, त्यामुळे त्याचं गिऱ्हाईक म्हणजे पेशंटचे नातेवाईक. कुणी बीडहून आलेलं, कुणी थेट बिहारमधून, टाटाच्या आसपासच्या फूटपाथवर पथारी टाकून आठवडेच्या आठवडे काढणारं. ही माणसं सकाळी इथे पोहे खातात आणि तासाभराने केमोथेरपी चालू असलेल्या आपल्या माणसाच्या उशाशी जाऊन बसतात. 5 ऑक्टोबर 2020 पासून निम्म्या क्षमतेने बसून खायला परवानगी मिळाली, तेव्हा दादाने दारात एक स्टूल ठेवलं. स्टुलावर सॅनिटायझरची पायाने दाबायची बाटली, मास्कचं खोकं, आणि ताप मोजायची बंदूक. ही बंदूक पंख्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या मनगटावर धरली की 34 दाखवायची. त्या हिशेबाने परळची निम्मी वस्ती अर्धमेली होती. दादाने ती दोन दिवसांत ड्रॉवरमध्ये टाकली. मास्कचं खोकं मात्र ठेवलं. गल्ल्याच्या पायाला सुतळीने बांधलेलं, कारण पहिलं खोकं कुणीतरी उचलून नेलं होतं.

मी त्या दिवसांत अधूनमधून गल्ल्यावर बसायचे. एकदा एक तरुण आला, चांगला शिकलेला वाटत होता. मास्क नव्हता, आणि खोक्यातला घ्यायलाही तयार नव्हता. म्हणाला, "हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे." दादाने वाद घातला नाही. म्हणाला, "बरोबर आहे साहेब. बाहेर बाकडं टाकलंय, तिथे बसा. मिसळ तीच, पैसे तेवढेच, पोरगा आणून देईल." तो पुटपुटत बाकड्यावर बसला, दोन पाव जास्तीचे मागवले, खाऊन गेला. संपलं.

हसण्यासारखी गोष्ट त्यातही होतीच. आत आलेली माणसं दारापासून टेबलापर्यंत दहा पावलं मास्क लावायची आणि मग अर्धा तास मास्क काढून शेजारच्याच्या तर्रीत शिंकायची. विषाणू उभ्या माणसालाच चावतो असं गृहीत धरून केलेला तो नियम होता. दादालाही हे कळत होतं. पण त्याला आणखी एक गोष्ट दिसत होती, जी गिऱ्हाइकाला दिसत नाही. गिऱ्हाईक वीस मिनिटं बसतं. टेबल पुसणारा पोरगा बारा तास तिथेच असतो, आणि रात्री माळ्यावर आणखी चौघांबरोबर झोपतो. वैयक्तिक हक्काची भाषा बोलणारा माणूस बहुतेकदा दाराच्या बाहेरून आत येत असतो. जो आधीपासून आत आहे आणि ज्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्याही हक्काचं काही बोलायला हवं की नको? 'मालकाचा नियम' म्हणून आपण ज्यावर चिडतो, तो पुष्कळदा अशा पोराच्या अंगावरचं एकमेव पांघरूण असतो. हे मी गल्ल्यावर बसले नसते तर मला सुचलं नसतं.

आता यात एक गोम आहे. तो नियम खरोखर दादाचा होता का?

27 नोव्हेंबर 2021 चा राज्य सरकारचा आदेश आठवतो. दुकान, मॉल, कार्यक्रम, सार्वजनिक वाहन, जिथे जिथे लोकांचा राबता तिथे पूर्ण लसीकरण झालेल्यांनाच प्रवेश. शिवाय दंडाचं दरपत्रक. ज्याने मास्क वगैरे पाळलं नाही त्याला 500 रुपये. ज्याच्या जागेत तो सापडला त्या आस्थापनेला 10,000. आणि आस्थापनेनेच नियम मोडला तर 50,000. टॅक्सीत प्रवाशाला 500 आणि ड्रायव्हरलाही 500. म्हणजे चुकणारा एक, पण दंडाचा मोठा वाटा त्याला न अडवणाऱ्याच्या माथी. हे आकडे वाचल्यावर दुकानदाराच्या 'खासगी नियमा'त खासगी असं काय उरलं, ते मला समजेना. नियम सरकारचा, पाटी मालकाची, आणि हुज्जत वॉचमनशी. सरकारने आपली पोलिसी अशी दारोदार वाटून टाकली, आणि लोकांना वाटलं दुकानदार माजलेत.

त्यातला वॉचमन तर अगदीच बिचारा. एजन्सीचा गणवेश, बारा तासांची पाळी, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलवरचं प्रमाणपत्र तपासायचं. मी एका मॉलच्या दारात पाहिलं आहे. समोरचा माणूस फोन पुढे करायचा, स्क्रीनवर निळसर-पांढरं काहीतरी असायचं, वॉचमन मान हलवायचा. नाव जुळतं का, तारीख कुठली, क्यूआर कोड खरा का, हे कोण बघणार! माझ्या पुढच्या बाईंनी तर चुकून विजेचं बिल उघडून दाखवलं. तेही चाललं. ऑगस्ट 2021 मध्ये मॉल उघडले आणि लगेच पुन्हा बंद झाले, कारण आत काम करणाऱ्या सगळ्यांचे दोन डोस झालेले असावेत अशी अट होती आणि सेल्सकाउंटरवरची पोरं बहुतेक पंचविशीच्या आतली. ज्यांची लस सगळ्यात उशिरा सुरू झाली, ती.

या तारखांचा हिशेब एकदा मांडायलाच हवा, कारण अन्याय कधीकधी कुणाच्या दुष्टपणात नसतो, नुसत्या वजाबाकीत असतो. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस 1 मे 2021 पासून खुली झाली, पण महाराष्ट्रात साठाच नव्हता म्हणून ती काही दिवसांतच थांबवावी लागली. सगळ्या प्रौढांना सरकारी केंद्रांवर मोफत लस 21 जूनपासून. कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर तेव्हा किमान बारा आठवडे. समजा विरारचा एक पोरगा, फोर्टात कुरिअरच्या कंपनीत कामाला. मोफत लसीच्या अगदी पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून त्याने डोस घेतला. त्याचा दुसरा डोस 13 सप्टेंबरच्या आधी होऊच शकत नाही. त्यावर चौदा दिवस. म्हणजे 27 सप्टेंबर. आणि लोकल दोन डोसवाल्यांना सुरू झाली 15 ऑगस्टला. सरकारचं प्रत्येक म्हणणं निमूट ऐकलेल्या या मुलाला सहा आठवडे लोकलचा पास मिळत नव्हता. खासगी हॉस्पिटलात पैसे मोजून ज्याने आधी घेतली त्याला मिळत होता. ऑफिस मात्र म्हणत होतं, हजर व्हा, नाहीतर पगार कापू.

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. इराण्याची पाटी मला छळत नाही, कारण पुढे कोपरा आहे. दादाच्या दारातला मास्क छळत नाही, कारण मास्क खोक्यात आहे आणि बाहेर बाकडं आहे. विरारच्या पोराला पुढचा कोपराच नाही. विरारहून फोर्टला जायला दुसरी लोकल नसते. तिथे 'पटत नसेल तर जाऊ नका' म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. तेव्हा नियम सरकारी की खासगी, यापेक्षा मी आधी हे विचारेन की अडवलेल्या माणसाने जायचं कुठे. उत्तर जितकं अवघड, तितका नियम करणाऱ्याचा अधिकार आखडता हवा. कंपनी खासगी आहे म्हणून तिच्या दारात ही चौकशी थांबायचं कारण नाही. नोकरी हीसुद्धा एक लोकलच आहे.

लोकलचं पुढे काय झालं ते मुंबईकरांना साधारण आठवत असेल. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हाच्या मुख्य सचिवांनी काढलेल्या त्या आदेशांवर बोट ठेवलं. आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्यात जी पद्धत सांगितली आहे तिला धरून ते निघालेलेच नव्हते. सरकारने ते मागे घेतले आणि 1 मार्चला नवे काढले, त्यातही अट तीच. पण गुढीपाडव्याच्या तोंडावर सगळेच निर्बंध उठले आणि वाद आपोआप विरला. आपल्याकडे वाद सहसा निकालात निघत नाहीत, मोसम बदलला की मिटतात.

दुसऱ्या वाक्याकडे येते. 'माझ्या अंगात काय टोचायचं ते मी ठरवणार.' हे मला मान्य आहे, आणि आता ते सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेलं आहे. 2 मे 2022 च्या निकालात जगण्याचा हक्क देणाऱ्या कलम 21 खाली शरीराची स्वायत्तता येते, कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्याच निकालात पुढचं वाक्यही आहे, जे लसविरोधक फॉरवर्ड करत नाहीत. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकतं, फक्त त्या मर्यादा कारणाच्या प्रमाणात हव्यात. त्या वेळची परिस्थिती पाहता, म्हणजे रुग्ण कमी असताना, लस न घेतलेल्यांमुळे घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो असा पुरावा समोर आलेला नसताना, राज्य सरकारांनी आणि खासगी संस्थांनीही घातलेले प्रवेशबंदीचे नियम प्रमाणात बसत नाहीत, त्यांचा फेरविचार व्हावा, असं न्यायालयाने सुचवलं. खासगी संस्थांचा उल्लेख तिथे आला हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

मी स्वतः लस घेतली, घरातल्यांना ओढून नेऊन दिली. एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्रभर फोन फिरवलेल्या कुणाही माणसाशी लसीवरून मी वाद घालणार नाही. लस माणसाला मरणापासून वाचवते याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मात्र दारात उभ्या असलेल्या नियमाचा प्रश्न वेगळा असतो. तुम्ही मला आत घेत नाही ते माझ्या भल्यासाठी की आतल्यांच्या? माझ्या भल्यासाठी असेल तर तो तुमचा अधिकार नाही, तुम्ही माझे वडील नाही. आतल्यांच्या असेल तर मग मी खरोखर त्यांना कितपत धोका आहे ते दाखवा. जानेवारी 2022 मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत मुंबईत एकेका दिवशी 20,000 च्या वर रुग्ण सापडले, आणि तेव्हा या शहरातले जवळजवळ सगळे प्रौढ लस घेतलेले होते. हॉस्पिटलं त्या मानाने रिकामी राहिली, ही लसीची कमाल. पण संसर्ग दारावरच्या प्रमाणपत्राला जुमानत नव्हता, हेही त्याच आकड्यात दिसत होतं. नियमाला एक कारण असतं, ते कारण सरलं की नियमाने रजा घ्यावी. आमच्याकडे कारण जातं आणि पाटी राहते.

याच शहरात हा धडा आधी एकदा गिरवून झालेला होता. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराची याचिका आली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळाने त्याला कामावरून काढलं होतं, कारण त्याची एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह होती. बदनामी होऊ नये म्हणून निकालपत्रात त्याचं नाव नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आहेत. न्यायालयाने विचारलेला प्रश्न साधा होता. हा माणूस आपलं काम करायला समर्थ आहे का, आणि त्या कामातून इतरांना खरोखर धोका आहे का? समर्थ आहे आणि धोका नाही, तर मग त्याला काढता येणार नाही. त्या काळात एचआयव्हीबाधिताच्या हातचं पाणी न पिणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत, डॉक्टरसुद्धा. तरी न्यायालयाने भीतीला पुरावा मानलं नाही. पुढे 2017 मध्ये कायदा झाला आणि हा भेदभाव खासगी मालकालाही निषिद्ध ठरला, नोकरीत, घर भाड्याने देताना, हॉटेलात, हॉस्पिटलात. रोग कसा पसरतो, तेवढ्यापुरताच नियम. कोविड हवेतून पसरतो, म्हणून मास्क आणि उघडी खिडकी यांना अर्थ आहे. घरकामाच्या बाईने मागच्या लिफ्टने यावं याला काय अर्थ?

आता त्या लिफ्टबद्दल.

आमची सोसायटी म्हणजे काही टोलेजंग टॉवर नव्हे, साधी सात मजली इमारत. मार्च 2020 नंतर गेटवर कागद चिकटला, घरकाम करणाऱ्या महिलांना प्रवेश बंद. ते तेव्हा ठीकच होतं, सगळंच बंद होतं. पण जून उजाडला, दुकानं उघडली, सभासद मॉर्निंग वॉकला जाऊ लागले, कुणाकुणाचे पाहुणे येऊ लागले, तरी कागद तसाच. सोसायट्यांनी घरकामगारांना परस्पर अडवू नये असं त्या पावसाळ्यात सरकारला सांगावं लागलं, तेव्हा कागद बदलला. प्रवेश मिळेल, मात्र एकाच घरी काम करावं, मागच्या लिफ्टने यावं, दर पंधरा दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट दाखवावा. रिपोर्टचा खर्च कुणी करायचा ते लिहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी चार घरी काम करायच्या. एकाच घरी म्हटल्यावर तीन पगार गेले. पुढच्या वर्षी लस आली तसा कागद पुन्हा बदलला, प्रमाणपत्र आणा. मावशींचा फोन म्हणजे मुलाचा फोन, आणि मुलगा दिवसभर डिलिव्हरीवर. लसीची नोंदणी करायचं कोविनचं पान सुरुवातीला इंग्रजीतच, मराठी आलं ते जून 2021 मध्ये. स्लॉट उघडले की चहा गाळेपर्यंत संपायचे. मी लॅपटॉप घेऊन बसले, सकाळी, दुपारी, रात्री. शेवटी वॉर्डातल्या केंद्रावर पहाटे टोकन वाटतात असं कळलं आणि त्या अंधारात उठून रांगेला गेल्या. डोस मिळाला. हाताला गाठ आली, दोन दिवस ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी प्रिंट काढलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या गेटवर हजर. वॉचमन म्हणाला, "हा पहिलाच आहे. दोन लागतात." पिशवीची घडी घालत त्या मला म्हणाल्या, "ताई, ह्यांना मी कशाला घाण वाटते? ह्यांची भांडी तर मीच घासते."

मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. पण घरी आल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. सात मजल्यांवरच्या एकाही सभासदाकडे कुणी प्रमाणपत्र मागितलेलं नव्हतं. त्यांच्या पाहुण्यांकडे नाही, क्लासला येणाऱ्या मुलांकडे नाही. सोसायटीला खरंच विषाणू अडवायचा असता तर तिने वर्गवारी कशाला केली असती? आणि कागदाची तरी काय पत होती! 30 मे 2021 ला कांदिवलीतल्या एका सुखवस्तू सोसायटीत शिबिर भरलं, रहिवाशांनी पैसे मोजून इंजेक्शनं घेतली. नंतर उघड झालं की शिबिरच बोगस होतं, कुप्यांमध्ये मिठाचं पाणी असावं असा संशय. अशा बनावट शिबिरांत मुंबईत दोन हजारांवर माणसं फसली. त्यातल्या कित्येकांना प्रमाणपत्रं मात्र मिळाली. त्यांना सगळी दारं उघडी होती, आणि खरा डोस घेतलेल्या मावशी गेटबाहेर.

मेघालय उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये या प्रकारावर एक तोडगा काढला होता. लस घेतल्याशिवाय दुकान उघडायचं नाही, टॅक्सी चालवायची नाही अशी सक्ती जिल्हाधिकाऱ्यांनी केली होती, ती न्यायालयाने मोडून काढली, कारण पोट भरायचा हक्क त्याने हिरावला जातो. पण दुकानावर पाटी लावा म्हणून सांगितलं. इथल्या लोकांची लस झालेली आहे किंवा झालेली नाही, स्पष्ट अक्षरांत लिहा, मग गिऱ्हाईक ठरवील. ऐकायला हा उपाय फार सुंदर वाटतो. मला मात्र तो पुरता पटलेला नाही. पाटी वाचून ठरवणारा गिऱ्हाईक आपल्या समाजात आणखी काय काय वाचतो ते माहीत असल्यामुळे, माणसाच्या दारावर त्याच्या शरीराची माहिती टांगायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तरीही सक्तीपेक्षा ते बरं, एवढं कबूल.

हा पेच काही नवा नाही. 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले, आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग हॉस्पिटलवर हल्ला केला. आपल्या माणसाला उचलून नेतात आणि तो परत येत नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला, अधिकाऱ्यांना हवं ते करायची मुभा देणारा. हाच कायदा महाराष्ट्राने 13 मार्च 2020 पासून पुन्हा लागू केला. कायद्याचा जन्म झाला त्याच सुमाराला, त्याच वर्षीच्या जानेवारीत, जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या आपल्या तोकड्या जागेत प्लेगची लस तयार करून पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली होती. पुढे एकेका जातीजमातीने आपापली प्लेगची हॉस्पिटलं काढली. आजच्या कसोटीवर ती भेदाचीच, पण घाबरलेला माणूस निदान तिथे पाय तरी ठेवायचा. लोकांना अडवलं की ते लपतात, आणि लपलेला रुग्ण सगळ्यात घातक, एवढं शहाणपण तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही शेवटी आलं. आमच्या गेटवर यायला सव्वाशे वर्षं कमी पडली.

2022 च्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. मी विषय मांडला की तो नियम कुणी केला, कुठल्या सभेत, कुठल्या ठरावाने. सेक्रेटरी काकांनी मिनिटबुक पुढे-मागे चाळलं. ठराव कुठेच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी ग्रुपवर 'हे करायला हवं' असं टाकलं होतं, त्यावर अंगठे आले होते, आणि मॅनेजरने प्रिंट काढून गेटवर लावली होती. काका म्हणाले, "अगं, तेव्हा सभा घ्यायला वेळ होता का कुणाला? आणि माणसं मरत होती." त्यांची बहीण 2021 च्या एप्रिलात गेली होती, त्यामुळे माझा आवाज जरा खाली आला. पण मी विषय सोडला नाही. पुढे कधी असा प्रवेशाचा नियम करायचा झाला तर तो सभासद आणि कामाला येणारी माणसं यांना सारखाच लागू राहील, त्यावर संपण्याची तारीख असेल, चाचणी किंवा कागद मागितला तर खर्च सोसायटीचा, आणि ज्याला अडवलं त्याचा पगार चालू, असा ठराव लिहूनच नेला होता. पगाराच्या कलमावर कुरकुर झाली. "म्हणजे काम न करता पैसे?" पाचव्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला घरून काम करताना मिळत नव्हते का?" असं कुणीतरी मागून बोललं, आणि हशा झाला. ते कलम 'शक्यतो' हा शब्द घालून मंजूर झालं, बाकीची जशीच्या तशी. मावशींची सुटलेली तीन घरं काही परत मिळाली नाहीत, तिथे दरम्यान भांडी धुवायची मशिनं आली होती. पुढचा विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता, आणि त्यावर दीड तास भांडण झालं.